त्या दुपारी पतंगावर सावली कोणी धरली?

शेगावात माझं फोटो-झेरॉक्सचं दुकान आहे. पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, जुने फोटो मोठे करून देणं, सगळं. हे आधीच सांगते, कारण या ग्रुपवर जे फोटो पडतात ना — 'बघा, मागे पांढरी आकृती', 'बघा, खांद्यावर कोणाचा हात' — तसला एखादा तरी माझ्या काउंटरवर दर आठवड्याला येतो. दर्शनाला आलेली मंडळी मोबाइल पुढे करतात, आवाज बारीक करतात... "ताई, पाहा ना, आत्मा आला का हो फोटोत?" मी चष्मा चढवते, पाहते आणि सांगून टाकते. लेन्सला बोटाचं तेल लागलंय, पुसा. नाहीतर, फ्लॅशपुढे धूळ उडाली. नाहीतर, ही तुमची आत्याच आहे, क्लिक करताना हलली. लोकं हिरमुसतात. एक गृहस्थ तर माझ्यावरच चिडले, म्हणे तुम्हाला श्रद्धा नाही.

तर अशी मी. उजेड आणि सावली यांच्यावर माझं पोट चालतं, त्यात कोणी मला उल्लू बनवू शकत नाही, असा माझा तोरा. आणि आता मीच इथे अनुभव लिहायला बसले आहे. आपलेच दात आपल्याच घशात, दुसरं काय! हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

मला पतंगांचे फोटो काढायचा नाद आहे. लोकांना पतंग म्हणजे रात्रीचे माहीत — ट्यूबलाइटवर आपटणारे, वरणात पडणारे, मातकट. पण दिवसाढवळ्या उन्हात उडणारे पतंगही असतात. आणि रंग म्हणाल तर फुलपाखरांनी लाजावं! एक आहे काळा, पोटावर पिवळे पट्टे, गांधीलमाशीच वाटतो. एक निळाशार. आणि माझा लाडका म्हणजे पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला, बोटाच्या पेराएवढा. कुणीतरी बसून ब्रशच्या टोकाने रांगोळी काढलीय असं वाटतं. तो खुळखुळ्याच्या झुडपांवर असतो. खुळखुळा म्हणजे तागाचाच जंगली भाऊ, पिवळी फुलं, वाळलेल्या शेंगांत बिया वाजतात म्हणून खुळखुळा. पडीक वावरात हा माजतो. मला हे सगळं कोणी शिकवलं नाही. एका गिऱ्हाइकाने जुनी मॅक्रो लेन्स, बारीक जीव जवळून टिपणारी, विकायला आणली, मी ती घेतली, आणि तिथून वाया गेले.

आता या पतंगांची एक खोड आहे. ऊन अंगावर असलं की त्यांच्यात विजेसारखी चपळाई येते. तुम्ही जवळ गेलात की भुर्र. पण त्यांच्यावर सावली पडली की ते थंड होतात, पंख मिटून गप बसतात. शिवाय कडक उन्हात पांढरे पंख फोटोत जळून जातात, ठिपके दिसतच नाहीत. म्हणून हे दोन माणसांचं काम. एकाने पोटावर पडून फोटो काढायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सावली धरायची. पतंग दुसऱ्या झुडपावर गेला की सावलीही तिकडे न्यायची. आणि सावली धरणाऱ्याने बोलायचं नाही, अजिबात नाही. हा माझा नियम.

माझी सावली धरायचे माझे सासरे.

मी त्यांना मामाजी म्हणते. रिटायर्ड कंडक्टर. जन्मभर गाडीत ओरडून ओरडून आवाज असा झालेला की घरात साधं 'चहा टाक' म्हटलं तरी शेजारचे दार उघडून बघतात. सासूबाई गेल्यावर मात्र हा माणूस पार विझला. पेपर वाचून झाला की उलटा करून पुन्हा वाचायचे. मला बघवेना. एका बुधवारी — बुधवारी आमचं दुकान बंद असतं — मी म्हटलं, "मामाजी, चला माझ्यासोबत. फोटो काढायला."

"कायचे फोटू?"

"पतंगाचे. पाखरांचे हो."

"पाखरायचे? काऊन वो, लगन हाये का त्यायचं?"

पण आले. स्कूटीवर मागे, मांडीवर पाण्याची बाटली, हातात पांढरी छत्री. ती छत्री मी मुद्दाम पांढरी घेतली होती, उजेड मऊ पडतो म्हणून. पहिल्या दिवशी दहा वेळा बोलले, दहा वेळा पतंग उडाला, दहा वेळा मी खेकसले. त्यानंतर जे शिकले ते शिकले. कंडक्टरकी केलेला माणूस, पण छत्री हातात आली की तोंडाला कुलूप! परत येताना मात्र सगळी कसर भरून काढायचे. पुढच्या बुधवारची वाट पाहायला लागले. पांढरा शर्ट घालायचे नाहीत, पाखरू भेतं म्हणे.

घरी मात्र यावरून कुरबुर होती. माझी नणंद अकोल्याला असते, ती फोनवर म्हणायची, "बाबाले शुगर हाये, आन ही त्यायले उन्हातान्हात पाखरामागं हिंडवते. काही झालं म्हंजे?" आमचे हे तर सरळच बोलले होते, बाबांना काही झालं तर घरात पाय ठेवू नको. गमतीत म्हणाले, पण अशी गमत माणूस विसरत नाही. आणि खरं सांगू? मला स्वतःलाच भीती होती. त्या घरात माझ्या नादाला 'नाद' न म्हणणारं मामाजी हे एकच माणूस होतं.

तो बुधवार ऑक्टोबरातला. तुम्हाला आमच्याकडचं ऑक्टोबरचं ऊन माहीत असेल तर जास्त सांगत नाही. सोयाबीन निघालेलं, कापूस फुटायला लागलेला, आभाळात औषधालाही ढग नाही. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याची निळी रेघ समोर दिसते त्या बाजूला, एक पांदण आत जाते. पांदण म्हणजे वावरात जायचा कच्चा रस्ता. तिथे एक पडीक वावर आहे, सगळा खुळखुळा. एका कडेला धुरा, म्हणजे मातीचा बांध, धुऱ्याच्या पलीकडे कोरडा नाला. झाड म्हणाल तर वावरात एकही नाही. हे लक्षात ठेवा, कारण कॉमेंटमध्ये पहिला प्रश्न तोच येणार.

स्कूटी पांदणीत लावली. मला एक गोष्ट माहीत नव्हती. त्या दिवशी संकष्टी होती आणि मामाजींनी चोरून उपास धरला होता. सकाळी शुगरची गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला, आणि मी दिलेल्या दोन पोळ्या गायीला घातल्या. सांगितलं असतं तर मी ओरडले असते, म्हणून सांगितलं नाही. अशी यांची भक्ती! देवालाही कोड्यात पाडतील.

मला लगेच तो दिसला. पांढरा, लाल ठिपक्यांचा, अगदी ताजा, कोशातून नुकताच निघालेला असावा, पंखांवरचा एक खवलाही झडलेला नव्हता. मी डोक्याला दुपट्टा बांधला, वर टोपी दाबली आणि पोटावर पडले. या अवतारात मान वर केल्याशिवाय मला समोरच्या झुडपापलीकडे काही दिसत नाही. मागे मामाजींच्या चपलांचा आवाज आला, छत्री उघडल्याचा आवाज आला, सावली पडली. पतंग थंड झाला. मी कॅमेऱ्याला डोळा लावला.

पुढचा वेळ कसा गेला मला खरंच सांगता येत नाही. ज्यांना असा नाद असेल त्यांना कळेल. चार-सहा फोटो झाले की तो उडायचा, पुढच्या झुडपावर बसायचा, मी कोपरांवर सरकत जायची. आणि त्या दिवशी गंमत अशी की मी पोचायच्या आधी सावली तिथे हजर! एरवी मामाजी एक पाऊल मागेच असायचे, मला खाली पडल्या-पडल्या हाताने खुणा कराव्या लागायच्या. आज काही नाही. मधे एकदा उजेडाचा एक तुकडा पंखाच्या टोकावर आला, मी हळूच म्हटलं, "मामाजी, जरा डावीकडे." सावली डावीकडे सरकली, जेवढी हवी तेवढीच. मी खूश होऊन पुटपुटले, "आज तर तुम्ही उस्तादच झालात."

मागून काही उत्तर नाही. नसणारच, नियम माझाच ना.

मग एकदम सावली पतंगावरून निघून गेली. पतंग समोर बसलेला, चांगला स्थिर, जन्मात मिळणार नाही असा, आणि सावली बाजूला... मान जरा वर केली तर पुढच्या दोन झुडपांपलीकडे जमिनीवर. पतंग उन्हात तापला आणि उडाला. मी दात-ओठ खाल्ले. "मामाजी! अहो इकडे!" सावली तिथेच. मी सरकत गेले तर ती आणखी पुढे. आता तिथे पतंगही नव्हता, नुसती माती. मी पुन्हा म्हटलं, "काय करून राह्यले तुमी? कुठं चालले?" सावली पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा मात्र माझं टाळकं सरकलं. माझ्या रागाबद्दल आमच्या गल्लीत कोणालाही विचारा. मी कॅमेरा खाली ठेवला, गुडघ्यांवर उठले आणि चांगलं फैलावर घ्यायला वळले —

मागे कोणीच नव्हतं.

बाजूला नाही, पुढे नाही. नुसतं ऊन. खाली पाहिलं तर ती सावलीही नव्हती. मी उभी राहिले तर समोरच धुरा, त्यावर मामाजींची एक चप्पल.

मी कशी पळाले मला आठवत नाही. धुऱ्यापलीकडे, नाल्यात, मामाजी आडवे पडले होते. छत्री मिटलेली, अंगाखाली. सदऱ्यावरचा घाम वाळून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या आणि मानेवर मुंग्या चढलेल्या. आत्ता पडलेलं माणूस नव्हतं ते. बऱ्याच वेळचं पडलेलं होतं.

"मामाजी! मामाजी!" डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही. माझ्या पिशवीत साखरेची पुडी असते, त्यांच्या शुगरमुळे मी ती ठेवतेच. घाईत फाडताना अर्धी मातीत सांडली. उरलेली बोटाने त्यांच्या गालात आतून चोळत राहिले. तोंडाने काय बडबडत होते देव जाणे. देव नाही म्हणणारी मी, त्या नाल्यात सगळे देव बोलावून झाले.

तेवढ्यात वरून कोणीतरी हाक मारली. "बाई! ओ बाई, काय झालं वो?"

ते रफिकभाई. तिथून जवळच त्यांचं वावर आहे, मोटरसायकलवरून पांदणीने जात होते. ते उतरून धावत आले, मामाजींना लहान पोरासारखं उचललं. मोटरसायकलवर मधे मामाजी, मागे मी त्यांना धरून, असे आम्ही वरवटला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी साखर तपासली आणि माझ्याकडे पाहिलं. "पार तळाला गेली होती. तुम्ही साखर लावली म्हणून बरं. अजून थोडं उशिरा सापडले असते, तर मी काही करू शकलो नसतो."

सलाईन लागलं. हळूहळू रंग परत आला. डोळे नीट उघडले आणि या माणसाचे पहिले शब्द काय असावेत?

"फोटू आला का वो?"

मी रडले. सरळ सांगते, भोकाड पसरून रडले, कंपाउंडर बाहेर निघून गेला. "चक्कर येत होती तर बोलले काऊन नाही तुम्ही?"

"बोललो असतो तं पाखरू उडालं असतं ना. तूच तं सांगतलं हाये." मग माझा चेहरा पाहून घाईघाईने म्हणाले, "आन मी काय तशीच टाकून आलो का तुले? त्या बाईले सांगून आलो ना."

"कोणत्या बाईले?"

"अवो ते होती ना वावरात. मले अंधाऱ्या येऊन राह्यल्या होत्या, आल्या-आल्याच. तं ते आली जवळ, हातानंच खूण केली का बसा तुमी, धुऱ्यावर जाऊन बसा. मी छत्री देत होतो तिले. तं हळूच म्हने, राहू द्या, आधाराले लागन तुमाले. माहा पदर हाये."

"कोण होती?"

"मले काय मालूम? मले वाटलं वावरवाली असंन. उन्हाकून उभी होती, तोंड काही दिसलं नाही. तुह्यापेक्षा जराशी मोठी. दोन हातानं पदर असा ताणून धरला तिनं... मंग मी गेलो धुऱ्याकडं. छत्री टेकत टेकत. मंग काही याद नाही."

तुमच्या मनात जे आलं ते माझ्याही मनात आलं. मी घाबरत घाबरतच विचारलं, "मामाजी... सासूबाई तर नव्हत्या?"

सलाईन लावलेला माणूस हसायला लागला. "तुही सासू? बाप्पा! अवो तिनं तं मले उन्हात उभंच राहू देल्लं नसतं. आन तुह्या पाखराले सावली? तुले कान धरून घरी आणलं असतं तिनं!"

हे मात्र शंभर टक्के खरं आहे.

दवाखान्याबाहेर रफिकभाई थांबले होते, माझी स्कूटी पांदणीतून आणवून. मी हात जोडले. म्हटलं, "तुम्ही देवासारखे आलात. वावरात ती बाई होती, ती कोणाची हो?" ते माझ्याकडे पाहतच राहिले.

"कोणती बाई? म्या तं पांदणीतून तुमाले एकट्याले पाह्यलं. भर उन्हात उपड्या पडेल होत्या. मले वाटलं, बाई मेली का बेहोश झाली. म्हणून तं गाडी थांबवली."

"माझ्या पुढे सावली नव्हती?"

"कायची सावली? तथी झाड कुठी हाये?" मग विचार करून म्हणाले, "ते वावर ज्याचं हाये तो नाशकाले असते. बरेच साल झाले, कोणी येत नाही अथी."

आता तुम्ही म्हणाल, बाई उन्हात पडलेली, डोकं फिरलं असेल. आमचे हेही हेच म्हणाले. (बाकी घरी गेल्यावर काही बोलले नाहीत. बाबांच्या पायाशी बसून राहिले, मग माझ्यासाठी चहा केला, लग्नानंतर पहिल्यांदाच.) मी म्हटलं, डोकं माझं फिरेल, कॅमेऱ्याचं कसं फिरेल?

कारण कॅमेरा होता. रफिकभाईंनी तोही उचलून आणला होता. दोन दिवस मी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात कॉम्प्युटरला लावला.

धंद्याची गोष्ट आहे, सोपी करून सांगते. मी कॅमेरा सावलीसाठी सेट करते. त्या सेटिंगवर उन्हातला फोटो काढला तर पांढराफटक येतो, काही दिसत नाही. आणि माझे सगळे फोटो... सगळे नीट. लाल ठिपके, काळे ठिपके, पंखाची झालर, मिशांचे केस. रफिकभाई खरं बोलत असतील तर हे फोटो यायलाच नको होते. आणि फोटो खरे असतील तर रफिकभाईंना कोणी दिसायला हवं होतं. दोघांपैकी एकही खोटं बोलत नाही, ही माझी पंचाईत.

दुसरं. सुरुवातीच्या दोन-तीन फोटोंतला उजेड छत्रीचा आहे, दुधासारखा सपाट. मी तो दर बुधवारी पाहते, झोपेतही ओळखीन. त्यापुढच्या फोटोंतला उजेड वेगळा आहे. मागच्या पानांवर बारीक-बारीक उजेडाचे कण पडलेत, ओळीने, उभे-आडवे. धुवून धुवून विरलेल्या सुती कापडातून ऊन येतं ना, तसे. माझा दुपट्टा माझ्या डोक्याला बांधलेला होता, आणि तो सिंथेटिक आहे.

आणि तिसरं मला रात्री अंथरुणावर सुचलं, तेव्हा उठून दिवा लावला. खुळखुळा. त्या वावरात शेंगा वाळलेल्या होत्या. नुसतं कोपर लागलं तरी खुळखुळ वाजत होतं, सगळा वेळ माझाच आवाज माझ्या कानात होता. मागे जर कोणी माणूस चालत होतं, झुडपाझुडपांतून माझ्यासोबत सरकत होतं... तर त्याचा आवाज का नाही आला?

मी सगळं करून पाहिलं. ढग म्हणावा, तर ढग 'जरा डावीकडे' म्हटल्यावर सरकत नाही. मामाजी म्हणावेत, तर त्यांना दहा पावलं धड चालवत नव्हतं, आणि छत्रीचा उजेड तसा नसतो. मामाजींना भास झाला म्हणावा, साखर उतरली की होतात, डॉक्टरही म्हणाले. कबूल. पण भास एकाला होतो. त्यांचा भास माझ्या मेमरी कार्डात कसा आला?

मामाजींना मी हे फोटो लवकर दाखवले नाहीत. घाबरतील असं वाटलं. दिवाळी झाली, फराळावरून शुगरची भांडणं झाली, नणंद येऊन मला चार शब्द सुनावून गेली आणि जाताना गळ्यात पडून रडून गेली. त्यानंतर एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती, मामाजी स्टुलावर बसून होते. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ते कण दाखवले, सगळं सांगितलं. सावली कशी पुढे-पुढे गेली आणि मी कशी चिडले, तेही.

ते खूप वेळ बघत राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. घाबरले वगैरे काही नाहीत.

"सुती होतं तिचं लुगडं," ते म्हणाले. मग स्क्रीनवर बोट ठेवून, "एवढा येळ हात वर करून उभी राह्यली वो ते. माहे तं छत्री धरून खांदे भरून येतात. तिचे हात दुखले असतीन."

मी पुढचा फोटो उघडला.

"आन तिच्यावर कोनं धरली सावली?"

मी उगाच माऊस फिरवत बसले. गिऱ्हाइकांना फटाफट उत्तरं देणारी मी.

"सुनबाई," ते म्हणाले, आणि त्यांचा तो गाडीभर घुमणारा आवाज मी इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. "पाणी इच्यारलं का तुनं तिले?"

"नाही, मामाजी."

"म्याबी नाही इच्यारलं," ते म्हणाले. "बाटली माह्याच हातात होती."

डोळे पुसले त्यांनी. एवढ्या आजारात रडले नव्हते, तेव्हा रडले.

बस. एवढंच आहे. कोण होती, होती का, मला माहीत नाही. 'वैज्ञानिक कारण' असेल तर जरूर सांगा, टवाळी करणाऱ्यांनी फोटो दुकानात येऊन पाहावेत, मी डिलीट केलेले नाहीत. माझ्याकडे आजही उत्तर नाही, आणि उजेड-सावलीचा माझा तोराही आता राहिला नाही.

पण या ग्रुपवर सगळीकडची माणसं आहेत, म्हणून एक विनंती करते. वरवटकडच्या कोणी बाई हे वाचत असतील, आणि त्या दुपारी त्या पडीक वावरात खरोखर तुम्हीच उभ्या असाल... काहीतरी कामाने आल्या असाल, आम्हाला न सांगता निघून गेल्या असाल... तर ताई, एकदा शेगावला या. फोटो-झेरॉक्सवाली ज्योती विचारा, कोणीही सांगेल. आमच्या म्हाताऱ्याच्या हातून घोटभर पाणी पिऊन जा. त्याला फार लागून राहिलंय.